एकांताची शिदोरी

(रुवैस येथील मराठी मुलांसमोर केलेले हे भाषण आहे. एकटेपणा आणि एकांत यांतील फरक व एकांताचे महत्त्व त्यात सांगितले आहे.)



अबुधाबी शहराच्या पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटर अंतरावर, समुद्र आणि वाळवंट यांच्यामध्ये तुमचे रुवैस वसले आहे. येथील तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे दूरदूरच्या देशांतून माणसे येथे आली. तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडीलही असेच घरापासून दूर आले. अशा ठिकाणी मोबाईल फोनचा केवढा आधार! तुमच्याकडे सायंकाळचे सात वाजतात, तेव्हा आजीकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. पण क्षणात तिचा चेहरा तुमच्यासमोर दिसतो. म्हणून 'फोन टाकून द्या' असे मी मुळीच सांगणार नाही.

पण एक गोष्ट आठवून पाहा. आजी विचारते, "जेवलास का?" तुम्ही म्हणता, "हो." ती विचारते, "शाळा कशी चालली आहे?" तुम्ही म्हणता, "बरी." पुढे काही सुचतच नाही. संपर्क आहे, संवाद मात्र नाही. असे का बरे होते?

पूर्वी आखाती देशांत आलेली माणसे घरी पत्रे लिहीत. कोणी आपला आवाज कॅसेटवर भरून गावी जाणाऱ्याबरोबर पाठवी. उत्तर येण्यास कितीतरी दिवस लागत. ती गैरसोय पुन्हा यावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पत्र लिहिण्यासाठी माणसाला एकटे बसावे लागे. काय पाहिले, काय खुपले, कशाने आनंद झाला, हे मनाशी जुळवावे लागे. मगच चार ओळी कागदावर उतरत. फोनमुळे वाट पाहणे संपले. त्याबरोबर हा एकांतही गेला. तो आता आपण मुद्दाम मिळवायला हवा.

एकटेपणा आणि एकांत या वेगळ्या गोष्टी आहेत. 'आपले कोणी नाही' असे वाटणे म्हणजे एकटेपणा. तो मनाला पोखरतो. कोणाला तसे वाटत असेल, तर त्याने आईवडिलांशी, शिक्षकांशी जरूर बोलावे. एकांत म्हणजे थोडा वेळ स्वतःच्या सोबतीने राहणे. लोकमान्य टिळकांना १९०८ साली इंग्रज सरकारने शिक्षा देऊन ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवले. लादलेल्या एकटेपणाचा त्यांनी एकांत केला. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तेथे पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. १९१४ मध्ये ते सुटले आणि १९१५ मध्ये तो ग्रंथ लोकांच्या हाती आला. एकांतात जे गवसले, ते त्यांनी समाजाला दिले.

तुम्ही म्हणाल, "आम्ही एकट्यानेच फोन बंद केला, तर मित्रांच्या मागे पडू." ही भीती खोटी नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने तिच्यावर छान उपाय शोधला. करोनाच्या काळात मुले मोबाईलवर शिकली. शाळा उघडल्या, तरी मोबाईल हातातून सुटेना. तेव्हा २०२२ मध्ये गावाने ठरवले, की सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला, की दीड तास दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद ठेवायचे. सगळ्यांचेच बंद, मग मागे पडणार कोण? तुम्हीही मित्रमित्रांनी मिळून अशी एक वेळ ठरवू शकता.

ऊन उतरले, की घरच्यांना सांगून अर्धा तास फोन बाजूला ठेवा. खिडकीशी बसा, आकाशाचे बदलते रंग पाहा. पहिली दहा मिनिटे कंटाळा येईल, येऊ द्या. त्यानंतर मन स्वतःहून बोलू लागेल. मग आजीला फोन लावा. या वेळी तिला विचारावे लागणार नाही. तुमच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असेल. एकांताची ही शिदोरी आपण बांधतो, ती आपल्या माणसांबरोबर वाटून खाण्यासाठीच!