फळा आणि खातेवही



किराणा दुकानदार साखरेचा भाव दर गिऱ्हाइकाला वेगळा सांगत बसत नाही. तो फळ्यावर लिहून ठेवतो. उधारीची वही मात्र तो फळ्यावर टांगीत नाही. ऑनलाइन दुकानाच्या सर्व्हरवर ‘कॅश’ बसविताना नेमके हेच तारतम्य राखावयाचे असते. ही कॅश म्हणजे रोकड नव्हे, तयार पानांची साठवण होय.

ग्राहकाने एखाद्या वस्तूचे पान मागितले, की सर्व्हर डेटाबेसमधून भाव, वर्णन, शिल्लक माल गोळा करून पान जुळवितो. हजार जणांनी तेच पान मागितले, तर तीच मेहनत हजारदा! म्हणून जुळविलेल्या पानाची प्रत दाराशीच ठेवावयाची आणि पुढच्या माणसाच्या हाती तीच द्यावयाची. नॉर्वेतील एका वृत्तपत्रासाठी रचलेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला ‘व्हार्निश’ हा प्रोग्राम हेच काम करतो.

परंतु प्रत कोणाच्या हाती जाते? २५ डिसेंबर २०१५ रोजी व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या संगणकी खेळांच्या दुकानावर बनावट मागण्यांचा मारा झाला. तो थोपविण्यासाठी साठवणीचे नियम बदलण्यात आले, आणि त्यांतील एका चुकीच्या मांडणीने सदस्यांची खासगी पानेही साठविली. परिणामी एकाचे खाते दुसऱ्याला दिसू लागले. सुमारे ३४,००० ग्राहकांची पाने अशी इतरांपुढे गेली असावीत, असे कंपनीनेच कळविले. त्यांतील काही पानांवर पत्ते होते, खरेदीचा इतिहास होता. अखेर दुकान काही काळ बंद ठेवावे लागले.

व्हार्निश मुळात सावध आहे. मागणीबरोबर ‘कुकी’, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची चिठ्ठी, आली तर तो साठवणीला हात लावीत नाही. पण जाहिरातीच्या आणि मोजदादीच्या कुकी आज जवळजवळ प्रत्येक मागणीबरोबर येतात. त्यामुळे साठवणीचा लाभ दिसेना, की दुकानदार कंटाळून सर्वच कुकी झुगारून देतो. धोका येथे आहे. निरुपयोगी चिठ्ठ्या तेवढ्या वेचून काढाव्यात, ओळखीची राहू द्यावी.

छायाचित्रे वर्षभर साठवावीत. चित्र बदलले की फाइलचे नाव बदलावे. वस्तूंची पाने काही मिनिटे ठेवावीत आणि भाव बदलताच जुनी प्रत पुसावी. टोपली, पैसे भरण्याचे पान व ग्राहकाचे खाते यांवर ‘नो-स्टोअर’ असा स्पष्ट आदेश लिहावा. पैसे घेण्यापूर्वी भाव व माल डेटाबेसलाच पुन्हा विचारावा. आणि दुकान उघडण्याआधी दोन निरनिराळ्या खात्यांनी, दोन ब्राउझरांतून शिरून, एकाचे दुसऱ्याला दिसत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे.

पान क्षणभर उशिरा आले तर ग्राहक कुरकुरेल. पण आपली वही शेजाऱ्याच्या हातात पाहिली, तर तो पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. वेग हा व्यापाराचा अलंकार असेल, विश्वास हे त्याचे भांडवल आहे.