तापीचा पूर आणि सुरतेची जाग



आषाढ शुद्ध सप्तमीस सूर्यकन्या तापीचा जन्मोत्सव होतो. त्या दिवशी सुरतेचे लोक नदीस लांबच लांब चुनरी अर्पण करतात. मुलताईस उगम पावलेली ही नदी खानदेशात चांगदेव येथे पूर्णेस भेटते. मुक्ताबाईंच्या स्मृतीने पावन झालेला तो परिसर मराठी भाविकांस अपरिचित नाही. तेच पाणी पुढे हतनूर व उकाई ही धरणे ओलांडून सुरतेस येते आणि सागरास मिळते.

सुरतेस पूर नवा नव्हे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये नदीने शहरात हाहाकार उडविला होता. १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाले, तेव्हा हे भय कायमचे सरले असे अनेकांस वाटले. धरणाने शहरास संरक्षण दिले हे खरेच. पण त्याबरोबर विस्मृतीही दिली. काठावर वस्त्या चढल्या, पात्र आक्रसले.

आणि मग २००६ चा ऑगस्ट आला. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस कोसळला. जलाशयात आधीच विपुल पाणी होते. अखेर सेकंदास सुमारे नऊ लाख घनफूट इतका विसर्ग करावा लागला; शहरातील पात्र त्याच्या निम्मेही पाणी निर्धास्तपणे वाहून नेऊ शकत नव्हते. त्यात राखीपौर्णिमा तोंडावर, समुद्रास उधाण. ७ ते ९ ऑगस्ट या तीन दिवसांत सुरतेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जलमय झाला.

येथे धरणपालाच्या संकटाचा विचार केला पाहिजे. त्याने जलाशय भरून ठेवावा, तर शेतीस पाणी व घरास वीज मिळते. पण पूर आला की तो सामावून घेण्यास जागा उरत नाही. रिकामा ठेवावा आणि पुढे पावसाने दगा दिला, तर उन्हाळ्यात त्याच्याच दाराशी शेतकरी उभा राहतो. त्यास दोष देणे सोपे आहे. पूर्वी पावसाचा अंदाज पिढ्यांच्या अनुभवावर बांधला जाई. आता तो अनुभवच अपुरा पडू लागला आहे. समुद्र तापत आहेत, आणि संशोधकांच्या मते मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले.

सुरतेने यावर जो उपाय योजिला, त्यात चमत्कार काही नाही. २००८ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने आशियातील काही शहरे हवामान-बदलास तोंड देण्याची सिद्धता करू लागली. भारतातून त्यांत सुरत, इंदूर व गोरखपूर होती. २०१२ साली सुरतेत याच कार्यासाठी एक न्यास स्थापन झाला. वरच्या खोऱ्यातील पावसाची नोंद, त्यावरून उकाईत किती पाणी येईल याचे गणित, आणि त्यावरून कोणत्या वस्तीस आधी हलवावयाचे याची सूचना अशी साखळी जोडली गेली. पाणी येण्यापूर्वी वार्ता येते. धरणातून आधीपासून थोडे थोडे पाणी सोडता येते, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांस दिवसाउजेडी बाहेर काढता येते.

या शहरास असे सावरणे पूर्वीही साधले होते. १९९४ च्या प्लेगच्या वेळी लाखो लोक सुरत सोडून पळाले. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत तीच सुरत स्वच्छतेसाठी नावाजली गेली. पुढे २०१४ पासून पांडेसरा येथील कापडगिरण्यांस शुद्ध केलेले सांडपाणी पुरविले जाऊ लागले, म्हणजे तेवढे गोडे पाणी वाचले.

तथापि काम अपुरे आहे. नदीवर पहारा बसला, पण शहरातील खाड्या अद्याप फुगतात. लिंबायतसारख्या भागात, जेथे पोटासाठी आलेली खानदेशी कुटुंबे दाटीने राहतात, तेथे मिठी खाडीचे पाणी जोरदार पावसात घरांत शिरते. गावाकडच्या नदीचे पाणी कधी येणार याची वार्ता आता त्यांस मिळते; दाराशेजारच्या खाडीचे पाणी मात्र वार्तेची वाट पाहत नाही.