समोरासमोरच्या दोन खिडक्या



बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर. नागपूर-सोलापूरकडची आपली मंडळी इथे आली की पहिल्या दिवशी हवेचं तोंडभर कौतुक करतात आणि दुसऱ्या दिवसापासून डासांच्या धास्तीनं खिडक्या लावून घेतात! अहो, मग ती हवा कुणासाठी?

1898 मध्ये इथे प्लेग आला. जुन्या पेठेत घराला घर चिकटलेलं. त्यानंतर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी वसवताना रुंद रस्ते ठेवले, घरांमागे सफाईची गल्ली सोडली. प्लेग पसरतो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांनी, कोंदट हवेनं नव्हे. पण त्या निमित्तानं घराची मागची बाजू मोकळी झाली. पुढे खिडकी, मागे खिडकी. माझं आजचं मागणं तेवढंच आहे.

माठातलं पाणी आपण रोज बदलतो. शिळ्या पाण्यात वाळा टाकला तर ते ताजं होतं का? मग कोंदलेल्या खोलीत सुगंधी फवारा कशाला? उदबत्ती तर धूरच. एअर प्युरिफायर म्हणजे गाळणं. धूळ अडेल, पण श्वासातून साचलेला कार्बन डायऑक्साइड तसाच राहील. बाहेर तो दहा लाखांत सुमारे 420 भाग. दारं-खिडक्या लावून दोघं झोपली की पहाटेपर्यंत हजाराच्या पुष्कळ वर जाऊ शकतो. सकाळी डोकं जड, आणि दोष रात्रीच्या जेवणाला! माठ आधी रिकामा करावा लागतो. म्हणून एकच खिडकी किलकिली करून भागत नाही. एकीतून हवा आत, समोरचीतून बाहेर. दोन खिडक्या, लक्षात आलं ना?

आता स्वयंपाकघर. फोडणीचा ठसका लागतो म्हणून कळतो. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड कळत नाही. शेगडीवरच्या पुष्कळ चिमण्यांना बाहेर जाणारा पाइपच नसतो, तीच हवा फिरून तोंडावर येते. घेताना विचारा, पाइप कुठे जातो? डासांना जाळी लावा आणि ती धुवा. हात फिरवून पाहा, बोटं काळी होतील.

‘बाहेर सिल्क बोर्ड चौकातल्या गाड्यांचा धूर आहे’ म्हणाल. कबूल. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचतो, ऊन चढलं की वर विरतो. तेव्हा थंडीत दुपारी उघडा. घर अगदी रस्त्यावर असेल तर मागची खिडकी आणि जिन्याकडचं... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात दाखवताहेत. काँग्रेस गवताच्या परागांनी ज्यांना शिंका येतात, त्यांचं बोलायचं राहिलंच.