विम्याचे कार्ड आणि महिन्याच्या गोळ्या



ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजना ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुली झाली. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार! आमच्या निवृत्त शिपाईकाकांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी काकूंचे मंगळसूत्र गहाण पडले नाही, हे मी थोडे मानत नाही. परंतु घरी आल्यावर १५ दिवसांनी औषधांचा खर्च त्यांच्याच पदरी आला. बाह्यरुग्ण उपचार योजनेबाहेर आहेत. खर्चाचा भार केंद्र व बहुतेक राज्ये ६०:४० प्रमाणात उचलतात. पुढील रुपया विम्याची मर्यादा वाढवण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधांवर खर्चावा, असे माझे मत आहे. काका सध्या रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात.