ना. वा. टिळक, राजनांदगावची गाडी आणि आमची भिलाईतली मंडळी

नमस्कार मंडळी.

हा शब्द मी मुद्दाम वापरला. मराठीत आपण समोर बसलेल्यांना 'मंडळी' म्हणतो. जुन्या पिढीतले पुरुष बायकोचा उल्लेख 'आमची मंडळी' असा करत. आणि मराठी ख्रिस्ती माणसे आपल्या चर्चमध्ये जमणाऱ्या समाजाला 'मंडळी' म्हणतात. चर्च म्हणजे इमारत, मंडळी म्हणजे माणसे. आज मला याच तिसऱ्या अर्थाबद्दल बोलायचे आहे. एखादा माणूस आपले गाव सोडतो, नव्या मंडळीत जातो आणि उरलेले आयुष्य तिला देतो, तेव्हा तो नेमके काय देतो?

मी भिलाईचा. आमची ही तिसरी पिढी. तुमच्यापैकी बरेच जण इंदूर, हैदराबाद, बेळगाव, बडोदा अशा ठिकाणांहून ऐकत आहात, म्हणून थोडे गावाबद्दल सांगतो. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघाचा करार झाला आणि दुर्गजवळच्या माळावर पोलाद कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. तेलुगू, मल्याळी, बंगाली, ओडिया, पंजाबी आणि आपण मराठी. पण आपल्यातला एक जण या वाटेने त्याच्या पासष्ट वर्षे आधी येऊन गेला होता, हे फार थोड्यांना माहीत असते.

भिलाईहून नागपूरकडे निघालात की आधी दुर्ग, मग राजनांदगाव लागते. हिंदी वाचकांना हे गाव मुक्तिबोधांमुळे ठाऊक आहे. मराठी घरात जन्मलेला हा हिंदी कवी तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होता. १८९३ साली याच राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी नागपूरहून एक मराठी कवी गाडीत बसला. नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म, नाशकात संस्कृतचे शिक्षण, आणि स्वभाव असा की एका गावी फार दिवस पाय टिकत नसे. त्या डब्यात त्यांची गाठ अर्नेस्ट वॉर्ड या परदेशी मिशनऱ्याशी पडली. बोलणे कवितेपासून सुरू झाले आणि धर्मावर आले. उतरताना वॉर्डने त्यांना 'नवा करार' दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी ते काही मनावर घेतले नाही, पण पुस्तक वाचायचे कबूल केले होते, म्हणून वाचले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोही परदेशी मिशनऱ्याकडून नको, भारतीय पाळकाच्या हातून हवा, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्या आयुष्याची दिशा या आग्रहातच दिसते.

याची किंमत कोणी मोजली, तेही सांगायला हवे. लक्ष्मीबाईंनी. पदरात लहानगा दत्तू, नवरा धर्म बदलून निघून गेलेला, आणि नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे. चार-पाच वर्षे हे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या अहमदनगरला टिळकांकडे गेल्या तरी सुरुवातीला सोवळे-ओवळे सांभाळूनच. मग एकेक गोष्ट त्यांची त्यांना पटत गेली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना आठवेल, या बाईने आपले दुःख सांगतानाही वाचकाला हसवले आहे. नवऱ्यावर प्रेम केले आणि त्याची फजितीही लिहून ठेवली. नव्या मंडळीत जाणाऱ्या माणसाचे कौतुक होते. त्याच्यामागे राहिलेल्यांचे हाल सहसा कोणी लिहीत नाही. लक्ष्मीबाईंनी ते लिहिले.

आता मुद्द्याकडे येऊ. अहमदनगरला टिळकांना काय दिसले? तिथली मराठी ख्रिस्ती मंडळी बहुतांशी गरीब आणि गावाबाहेर ठेवल्या गेलेल्या जातींतून आलेली. उपासनेत इंग्रजी-अमेरिकन गीतांची भाषांतरे, परक्या चालींवर बसवलेली. शब्द मराठी, पण श्वास मराठी नाही. ज्या माणसाच्या कानात ओवी आणि अभंग लहानपणापासून मुरले होते, त्याला हे खटकणारच. ख्रिस्ती कीर्तनाची वाट नगरमध्ये आधीच पडली होती. टिळकांनी ती रुंद केली. पदे, अभंग, भजने लिहिली, शेकड्यांनी. पेटी, टाळ आणि मृदंगावर म्हणता येतील अशी. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादन त्यांनी केले. तरुण बालकवी ठोमऱ्यांना त्यांनी घरी ठेवून घेतले. आणि १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्याने आपल्या समाजापासून तुटलेच पाहिजे असे नाही, ही त्यामागची धारणा. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते गेले.

असे करणारे टिळक पहिले नव्हते. त्यांच्याआधी तीनशे वर्षे थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला आणि साष्टी भागातल्या लोकांत त्याने चाळीस वर्षे काढली. तिथल्या नवख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, हे त्याने ओळखले. मग त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. स्टीफन्स परका होता, त्याने मंडळीची भाषा घेतली. टिळक घरचेच होते, त्यांनी मंडळीला तिची भाषा परत दिली. काम एकच.

ही टिळकांची गाणी भिलाईत कशी आली, ते आता सांगतो. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून १९५८ साली इथे आले. फिटर होते. सुरुवातीला कॅम्पात राहिले, मग सेक्टरमध्ये क्वार्टर मिळाले. त्यांच्या ट्रंकेत दोन जोड कपडे, हत्यारांची पिशवी आणि मराठी भक्तिगीतांचे एक पुस्तक होते. इथल्या चर्चमध्ये उपासना हिंदीत. म्हणून रविवारी संध्याकाळी आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत मराठी प्रार्थना सुरू झाली. पाच-सहा कुटुंबे, एक पेटी, एक टाळ. आजोबांची नाइट असली तर प्रार्थना लवकर आटपायची, पण चुकायची नाही. कोणाच्या घरी आजारपण असेल तर आजोबा सायकलने जात. कोणी गेले तर खांदा द्यायला पुढे. ते पाळक नव्हते, त्यांना कोणी नेमले नव्हते.

काही वर्षांनी शेजारच्या बस्तीतली एक छत्तीसगढी बाई येऊ लागली. दाराशी बसायची, गाणे संपले की उठून जायची. आजोबांनी एकदा विचारले, बाई, तुम्ही म्हणत का नाही? ती म्हणाली, "मोला समझ नइ आवय, बाबा." मला कळतच नाही. पुढच्या आठवड्यात आजोबांनी कारखान्यातल्या एका छत्तीसगढी सोबत्याला बसवून घेतले, टिळकांचे एक पद छत्तीसगढीत आणले आणि ददरियाच्या वळणाची चाल लावली. त्या रविवारी ती बाई गायली.

आणि आमच्या मंडळीत भांडण झाले. आपण इथे मराठी टिकवायला जमतो, मग ही कसली खिचडी? चर्चमध्ये हिंदी आहेच, इथे तरी मराठी राहू द्या. बोलणाऱ्यांचेही चुकत नव्हते. परमुलखात भाषा गेली की माणूस अर्धा होतो, हे त्यांनी भोगले होते. दोन कुटुंबे यायची बंद झाली. त्यांतले एक आजीच्या सख्ख्या भावाचे. आजीने ते कायम मनात ठेवले. आजोबांचे उत्तर एवढेच असायचे, "टिळकांनी आपल्यासाठी जे केले, तेच मी तिच्यासाठी केले."

मला वाटते, या एका वाक्यात टिळकांचे सगळे काम येते. टिळकांची गाणी मराठी आहेत म्हणून आपण ती जपतो, हे ठीकच आहे. पण त्यांनी ती मराठीत का लिहिली? समोर बसलेली माणसे मराठी होती म्हणून. वारसा कशाचा घ्यायचा, शब्दांचा की त्यामागच्या कारणाचा? माझे उत्तर असे, की दोन्हींचा घ्यावा, पण दोन्हींपैकी एकच हाती राहणार असेल तर कारणाचा.

हे फक्त ख्रिस्ती माणसांपुरते नाही. तुमच्या गावातले भजनी मंडळ, गणेशोत्सव, हरिपाठ, सगळीकडे हाच प्रश्न आहे. आपली नातवंडे हिंदीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत विचार करतात. त्यांना दाराशी गप्प बसवायचे, की आत घ्यायचे? आत घ्यायचे असेल तर त्यांना अर्थ समजावून द्यावा लागेल, प्रसंगी भाषांतर करावे लागेल, आणि त्याचा राग कोणीतरी करेल हेही धरून चालावे लागेल.

म्हणून दोन कामे सांगतो, दोन्ही या महिन्यात होण्यासारखी. एक, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून त्यांच्या चाली मोबाइलवर रेकॉर्ड करा. शब्द पुस्तकात सापडतील, चाली सापडणार नाहीत. आमच्या आजीच्या बऱ्याच चाली तिच्याबरोबर गेल्या. दोन, तुमच्या मंडळात दाराशी कोण बसते ते बघा. त्याला विचारा, तुम्ही का गात नाही? उत्तर नीट ऐकून घ्या.

आमच्या घरी रविवारची प्रार्थना अजून होते. चार पदे मराठी, दोन छत्तीसगढी, एक हिंदी. आजीच्या भावाची नात आता पेटी वाजवते.