स्टाइनवेगचे स्टाइनवे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवातील भाषण)



परप्रांतात पन्नास वर्षे नांदलेल्या या मंडळापुढे एका स्थलांतरित कुटुंबाची हकीकत सांगण्याचे मी योजिले आहे. जर्मनीतील हार्ट्झ पर्वताच्या परिसरात १७९७ साली जन्मलेला हाइनरिश स्टाइनवेग हा लाकूडकामातील कसबी कारागीर. झेझेन गावी त्याने १८३६ साली स्वतःच्या स्वयंपाकघरात ग्रँड पियानो घडविला.

१८४८ च्या क्रांतीनंतर दिवस अस्थिर होते. मुलगा कार्ल १८४९ मध्ये न्यूयॉर्कला गेला. पाठोपाठ १८५० मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हाइनरिश बायकामुलांसह निघाला. थोरला थिओडोर तेवढा घरचा धंदा सांभाळीत मागे राहिला. नव्या देशात बापलेकांनी लगेच स्वतःची पाटी लावली नाही. तीनेक वर्षे ते इतरांच्या पियानो-कारखान्यांत पगारावर राबले आणि ५ मार्च १८५३ रोजी त्यांनी ‘स्टाइनवे अँड सन्स’ काढली. नाव इंग्रजी वळणाचे झाले. त्यात मला व्यवहार दिसतो, विस्मरण नव्हे.

१८५९ मध्ये हेन्री या मुलाने ग्रँड पियानोतील खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या, पंख्यासारख्या ओढण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. तारांना लांबी मिळाली, नाद भरदार झाला. पण १८६५ मध्ये हेन्री आणि कार्ल दोघेही वारले. तेव्हा थिओडोरला जर्मनीतील आपला जम बसलेला धंदा विकून भावांच्या मदतीला जावे लागले. हेल्महोल्ट्झच्या ध्वनिशास्त्राचा त्याचा व्यासंग होता. पुढे चाळीसहून अधिक पेटंटे त्याच्या नावावर लागली. माणूस विक्षिप्त, पण कारखान्याचा खरा शास्त्रज्ञ तोच.

धाकटा विल्यम मात्र तिथलाच झाला. १८७० नंतर त्याने क्वीन्स भागात कामगारांची वसाहतच उभारली: लाकूड कापण्याची गिरणी, ओतशाळा, घरे, बालवाडी, आणि मुलांना शाळेत जर्मन शिकता यावे, याचीही सोय केली. पियानो बनविणाऱ्याने ओतशाळा कशाला काढावी, असे कोणी विचारील. तारांचा प्रचंड ताण लाकूड एकटे सोसत नाही. त्यासाठी ओतीव लोखंडाची चौकट लागते, आणि ती यांना आपल्या देखरेखीखालीच हवी होती.

थिओडोरचे मन न्यूयॉर्कमध्ये कधी रमलेच नाही. १८८० मध्ये हॅम्बुर्गला कारखाना निघाला, आणि तो स्वतः ब्राउनश्वाइगला परतला. १८८९ मध्ये तिथेच त्याचा अंत झाला. हॅम्बुर्ग आणि न्यूयॉर्क, दोन्हीकडे आजही पियानो घडत आहेत.