ॲस्बेस्टॉसबंदी आणि देशोदेशींचें सहकार्य

खडकांतून निघणारा एक तंतुमय पदार्थ जळत नाहीं, कुजत नाहीं. सिमेंटमध्यें मिसळला म्हणजे त्याचे स्वस्त व टिकाऊ पत्रे होतात. याच गुणांमुळें विसाव्या शतकांत ॲस्बेस्टॉसनें गरिबाच्या झोपडीपासून गिरणीच्या छपरापर्यंत सर्वत्र प्रवेश मिळविला. परंतु त्याचे सूक्ष्म तंतु श्वासावाटें फुप्फुसांत शिरले, कीं तेथेंच ठाण मांडून बसतात. त्यांतून उद्भवणारा कर्करोग प्रकट होण्यास बहुधा २० ते ४० वर्षें लागतात. तोंवर कामगार निवृत्त होतो, कारखाना बंद पडतो, आणि मृत्यूचें खरें कारण सांगणारा कोणी उरत नाहीं.

हें ज्ञान नवें नव्हे. इंग्लंडमधील नेली कर्शॉ या कामगार स्त्रीच्या मृत्यूची नोंद १९२४ सालींच वैद्यकीय नियतकालिकांत झाली. खाणींच्या परिसरांत नुसतें राहिलेल्यांनाहि हा कर्करोग होतो, असें १९६० सालीं डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दक्षिण आफ्रिकेंतून दाखवून दिलें. तरी व्यापार थांबला नाहीं. एका देशानें दार लावलें, कीं माल दुसऱ्या देशाकडे वळे. मालाला सरहद्द नसेल, तर त्याच्या पीडितांनींहि सरहद्दीच्या आंत राहून भागणार नव्हतें.

ब्राझीलमधील ओसास्को नगरांत ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा मोठा कारखाना होता. तो बंद पडल्यावर तेथील जुन्या कामगारांनीं १९९५ सालीं आपली संघटना उभारली. फर्नांदा जियानासी या सरकारी श्रम-निरीक्षिकेचें त्यांना मोठें पाठबळ लाभलें. १९९९ सालीं लंडन येथें बंदीच्या पुरस्कर्त्यांचें आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन झालें, आणि सप्टेंबर २००० मध्यें ओसास्को येथेंच जागतिक परिषद भरली. पीडित कामगार, डॉक्टर व वकील अशा परिषदांतून एकत्र येऊं लागले. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं देशभर बंदीचा निर्णय दिला.

या सहकार्याचा एक प्रत्यय भारतासहि आला. ‘क्लेमान्सो’ ही फ्रान्सची जुनी विमानवाहू नौका तोडण्यासाठीं गुजरातेंतील अलंगकडे निघाली होती. तिच्यांत ॲस्बेस्टॉस होतें. फ्रान्स व भारत या दोन्ही देशांतील संघटनांनीं न्यायालयांकडे धांव घेतली. अखेर फेब्रुवारी २००६ मध्यें नौका परत बोलावावी लागली. अलंगच्या मजुराचा कैवार पॅरिसमध्यें घेतला गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र जेथें एकमताची अट आहे, तेथें हें सहकार्य अडतें. रॉटरडॅम कराराच्या यादींत पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा समावेश झाल्यास त्याचा व्यापार बंद होणार नाहीं. आयात करणाऱ्या देशास आगाऊ सूचना देऊन त्याची संमति घ्यावी लागेल, एवढेंच. तरीहि थोड्या राष्ट्रांच्या विरोधामुळें २००६ पासून हा ठराव पुन्हा पुन्हा अडला आहे. एके काळीं मोठा निर्यातदार असलेल्या कॅनडानें २०१८ सालीं स्वतःच बंदी घातली. भारतांत मात्र ॲस्बेस्टॉसची आयात व पत्र्यांचें उत्पादन चालूच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें या पदार्थामुळें दरवर्षीं दोन लाखांहून अधिक माणसें मरतात. तीं बहुतेक कित्येक दशकांपूर्वींच्या धुळीचीं बळी होत. आज जो मजूर छपरासाठीं पत्रा कापीत आहे, त्याचा हिशेब अजून मांडावयाचा आहे. आणि तो चुकविणें केवळ आजच शक्य आहे.